प्रोसेसरला शिट्टी नसते

लॉन्ड्रीत त्याचं खरं नाव फक्त हजेरीच्या यंत्राला ठाऊक होतं. बाकी सगळे त्याला 'जपून' म्हणत, कारण दिवसभर तो तेवढंच बोलायचा. गरम चादरींची गाडी ढकलणाऱ्याला जपून, साबणाचं पिंप उतरवणाऱ्याला जपून, आणि हिशेबनीस नुसता खुर्चीतून उठला तरी त्यालाही जपून. हिशेबनीस म्हणायचा, या माणसाने जन्माला येतानासुद्धा आधी दोन्ही बाजूंना बघून घेतलं असणार.

त्याचं काम बॉयलर सांभाळायचं. एका मोठ्या हॉस्पिटलच्या चादरी, गाऊन, पडदे तिथे धुतले जात आणि त्यासाठी लागणारी वाफ तळघरातल्या या एका माणसाच्या भीतीवर चालायची. भीतीवर अशासाठी, की बॉयलर बनवणाऱ्यांनी दाबाची जी हद्द घालून दिली होती, तिच्या आसपासही त्याने काटा कधी फिरकू दिला नाही. बराच अलीकडे बर्नर बंद होईल अशी त्याने व्यवस्था करून ठेवली होती. वरच्या मजल्यावर इस्त्री करणाऱ्या बायका दमट चादरी झटकत जिन्यातून ओरडायच्या, की खाली वाफ करतोयस का आंघोळीचं पाणी तापवतोयस. तो शांतपणे काट्याकडे बघायचा आणि म्हणायचा, हद्द ठरवणारे त्यांच्या ऑफिसात बसलेत, बॉयलरशेजारी मी बसलोय.

आठवड्यातून एकदा तो सेफ्टी व्हॉल्व्हचा दांडा ओढून बघायचा. वाफ अशी किंचाळत सुटायची की रस्त्यापलीकडचा किल्ल्या बनवणारा हातातली कानस टाकून आईबहिणीवर यायचा. जपूनला मात्र तो आवाज ऐकला की बरं वाटायचं. यंत्र धोक्यात आलं की ओरडतं, आणि ओरडत नाही तोवर सगळं ठीक आहे, या एका विश्वासावर त्याची नोकरी, संसार आणि पचन अशी तिन्ही खाती चालली होती.

घरी गॅसचं बटण तीनदा बघायचं, इस्त्रीची वायर काढून ती हातात घेऊनच दुसऱ्या खोलीत जायचं, सिनेमाला गेलं तर बाहेर पडायच्या दारालगतची खुर्ची धरायची, असा त्याचा कारभार. अशा माणसाला बायको कशी मिळावी, तर गिऱ्हाईक नको नको म्हणत असताना कमरेपर्यंतचे केस मानेवर आणून सोडणारी. पार्लरमध्ये खिडकीजवळची खुर्ची तिची होती. कात्री बोटांत आली की तिचं तोंड आणि हात दोन्ही एकदम सुरू व्हायचे, आणि कुठलं जास्त धारदार यावर मैत्रिणींत वाद होता. जपूनला ती म्हणायची, "तू घाबरून घे, मी तोवर जगून घेते."

मग तिच्या उजव्या मनगटातली नस दबली. आधी सकाळी उठल्यावर अंगठ्याला मुंग्या यायच्या. नंतर अंगठा भलत्या वेळी झोपायला लागला. एक दिवस कात्री हातात असताना झोपला, आणि एका बाईच्या मानेवर बारीकशी लाल रेघ उमटली. ती बाई स्वभावाने भली होती, हसून गेली. पण बायकोने त्या दिवशी कात्री पुसून डब्यात ठेवली, ती ठेवलीच.

मनगटाचं छोटंसं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, नस मोकळी केली आहे, आता तिचं तिला सावरू द्या, काहींचा हात पूर्ण येतो, काहींचा थोडा कमी येतो, बघू. जपूनने बाहेर येऊन तिला सांगितलं की डॉक्टर म्हणाले, शंभर टक्के. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी तिच्यासमोरच पुन्हा 'बघू' म्हटलं, तेव्हा तिने नवऱ्याकडे असं पाहिलं की त्याला वाटलं, आपलीच मान कापली गेली. तेव्हापासून तो धीराचं काहीही बोलला तरी ती विचारायची, "हे खरं आहे, का शंभर टक्के आहे?"

अंगठ्याला व्यायाम म्हणून रबराचा चेंडू दिला होता. तो दोन दिवसांत कपाटामागे गेला. त्याऐवजी तिने माळ्यावरून एक जुनी तबकडी काढली. लहानपणी ती आणि तिचा भाऊ कन्सोलवर खेळायचे तो गेम. एक बुटका माणूस संध्याकाळच्या गावात घरांच्या छपरांवरून पळत पळत रस्त्यावरचे दिवे लावत जातो, आणि उजव्या अंगठ्याने बटण दाबलं की उडी मारतो. भावाला ती त्यात कायम हरवायची. कन्सोल केव्हाच निकामी झाला होता, पण घरात एक कॉम्प्युटर होता. त्यावर तिने कापलेल्या केसांचे वर्षानुवर्षांचे फोटो होते आणि विजेची बिलं भरली जात.

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने त्याच तबकडीवरून गेम कॉम्प्युटरवर उतरवून दिला आणि जुना, बटणांचा कंट्रोलर त्याला जोडला. या दुरुस्तीवाल्याला सगळे पंखेवाला म्हणत, कारण प्रिंटर अडला तरी तो आधी कॅबिनेटला एक जादा पंखा लावायला सांगायचा. त्याने समजावलं, "वहिनी, याला इम्युलेटर म्हणतात. कॉम्प्युटर जुन्या कन्सोलचं सोंग घेतो. गेमला वाटतं आपण घरीच आहोत. फक्त सोंग घेणाऱ्याला खऱ्यापेक्षा जास्त घाम गाळावा लागतो, एवढं लक्षात ठेवा."

पहिले काही दिवस घरात पुन्हा शिव्या ऐकू यायला लागल्या, म्हणजे तब्येत सुधारत होती. छपरं पार झाली, बाजार पार झाला. मग आला दिव्यांचा पूल. नदीवर लाकडी पूल, पळताना मागच्या फळ्या कोसळतात, पुढे शेकडो दिवे एकामागून एक पेटत जातात आणि खाली पाण्यात तितकेच हलतात. एका जागी दोन फळ्यांच्या मधलं अंतर मोठं आहे. तिथे उडी नेमक्या क्षणी मारावी लागते. लहानपणी ती हे डोळे मिटून करायची, असं तीच सांगायची. आता बुटका दर वेळी पाण्यात जायचा.

आणि इथे तिने एक भलतीच गोष्ट केली. पार्लरच्या मालकीणबाईंनी खिडकीजवळची खुर्ची महिनाभर राखून ठेवली होती. त्यांचं म्हणणं रास्त होतं, सोमवारपासून त्यांना कोणीतरी बसवावंच लागणार होतं. बायकोने ठरवून टाकलं, रविवारपर्यंत पूल सलग तीनदा पार झाला तर सोमवारी कात्री हातात घ्यायची, नाही तर मालकीणबाईंना जाऊन सांगायचं, खुर्ची दुसरीला द्या. डॉक्टर बघू म्हणतो, नवरा शंभर टक्के म्हणतो, पण बुटका खोटं बोलत नाही, असं तिचं म्हणणं. जपूनने ते ऐकलं. खुर्ची गेली तर घरात काय उरेल ते त्याला दिसत होतं. उरेल त्याच्याइतकंच घाबरलेलं दुसरं माणूस. एका घरात असं एकच परवडतं.

स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चहा पिताना त्याला ते प्रथम ऐकू आलं. जन्मभर यंत्रांशेजारी बसलेला माणूस डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त बघतो. छपरांवर गेमचं गाणं ठणठणीत वाजायचं. पूल आला, दिवे पेटायला लागले की गाणं जड व्हायचं, एखादा सूर फरपटत जायचा, मधेच खरखरायचं, मग पुन्हा धावायला लागायचं. चढावर माल भरलेला ट्रक यावा तसं. बुटका नेमका त्याच जागी पाण्यात पडत होता.

त्याने बाहेर येऊन सांगितलं, की तुझा अंगठा नाही चुकत, यंत्र दमतंय.

तिने मान वर न करता विचारलं, "हे खरं आहे, का शंभर टक्के आहे?"

तो थेट पंखेवाल्याकडे गेला.

पंखेवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि या वेळी पंखा विकला नाही. प्रोसेसर जुना आहे, म्हणाला, आणि हा इम्युलेटर बहुतेक भार प्रोसेसरच्या एकाच भागावर टाकतो, तेव्हा त्याचा वेगच वाढवायला हवा. कारखान्यातून ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने त्याला चालवायचं. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. तुमचा प्रोसेसर आणि बोर्ड दोन्ही ते करू देणाऱ्यातले आहेत.

ठरवून दिलेल्या हद्दीपेक्षा जास्त. जपूनच्या कानात बाकी काही शिरलंच नाही. त्याने विचारलं, जळतो का?

"मूर्खपणा केला तर जळतो," पंखेवाला म्हणाला. "नीट केलं तर फक्त तापतो. बायकोला घेऊन जिना चढलात तर तुम्हीही तापता, जळता का?"

बायकोला घेऊन जपून कधी जिना चढला नव्हता. त्यात ती पडण्याची आणि त्याची कंबर धरण्याची अशा दोन शक्यता होत्या. त्याने घरी जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "करून घे. पण त्यानंतर मला कारणं द्यायची नाहीत. त्यानंतर बुटका पडला, तर तो माझ्या हाताने पडला."

ते ऐकल्यापासून जपूनला जी भीती वाटायला लागली, ती आगीची नव्हती. आगीची भीती त्याला सवयीची होती, तिच्याशी त्याचं घरोब्याचं नातं होतं. ही नवीन होती. जोवर यंत्र दमतंय तोवर दोष यंत्राचा. यंत्र सुधारलं आणि तरीही बुटका पाण्यात गेला, तर दोष ठेवायला घरात जागाच उरणार नाही. आपण स्वतःच्या हाताने तिच्या तोंडासमोरून पडदा ओढतोय, असं त्याला वाटत राहिलं. बॉयलरवर बसल्या बसल्या तो दोनदा उठून पंखेवाल्याला नको म्हणून सांगायला निघाला, आणि दोन्ही वेळा जिन्यातून परत फिरला.

शनिवारी दुपारी पंखेवाला आला तेव्हा दारात वाळूने भरलेली बादली होती. त्याने बादलीकडे पाहिलं, जपूनकडे पाहिलं, आणि आतमध्ये मांजर पाळलंय का, असं विचारलं. बायकोने हसू दाबलं.

पंखेवाल्याची पद्धत मात्र जपूनलाही पटावी अशी होती. त्याने आधी सगळे फोटो वेगळ्या ड्राइव्हवर उतरवून बायकोच्या हातात दिले. कॅबिनेट उघडून आतली धूळ काढली, ती निघाली उशी भरावी इतकी. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली, वर पंखा घट्ट बसवला. मग कॉम्प्युटर सुरू होता होता एक बटण दाबून तो एका निळ्या पडद्यावर गेला आणि म्हणाला, इथून याच्या पोटातल्या सेटिंग बदलता येतात. वेग एक पायरी वाढवायचा, मग एक प्रोग्रॅम लावून प्रोसेसरला मुद्दाम राबवायचं, तापमान बघायचं, ठीक असेल तर पुढची पायरी. व्होल्टेजला हात लावायचा नाही. घाई करणारे तिथेच हात भाजून घेतात.

जपून भिंतीवरच्या मेन स्विचवर बोट ठेवून उभा होता. पहिली पायरी झाली. दुसरी झाली. तिसरीला पडदा जागच्या जागी गोठला, आणि जपूनचं काळीजही. पंखेवाला सुपारी कातरावी इतक्या सहज म्हणाला, हीच याची मर्यादा, आता एक पायरी मागे यायचं आणि तिथे मुक्काम करायचा. मागे येऊन त्याने पुन्हा बराच वेळ प्रोसेसरला राबवलं. कुठे अडखळला नाही. पडद्याच्या कोपऱ्यात तापमान ऐंशीच्या आसपास येऊन थांबलं.

"ऐंशी," जपून म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

पंखेवाल्याने सांगितलं की एवढं चालतं, बनवणाऱ्यांनी हद्द अजून बरीच वर ठेवली आहे, आणि त्या हद्दीशी पोचला तर तो स्वतःच स्वतःला सांभाळतो. जपूनने त्यातलं 'स्वतःला सांभाळतो' एवढंच जपून ठेवलं. म्हणजे याच्यातही सेफ्टी व्हॉल्व्ह आहे तर.

पंखेवाला गेला. बायको भाजी आणायला गेली. घरात तो आणि ते यंत्र असे दोघेच राहिले, आणि यंत्र गुणगुणत होतं. ऐंशी. हात ठेवला तर फोड येईल. आणि हे पडद्याशेजारी, पडदा भिंतीशेजारी, भिंतीपलीकडे त्यांची निजायची खोली. त्याने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला आणि तेच बटण दाबलं. निळ्या पडद्यावर शोधता शोधता त्याला ती ओळ सापडली, किती तापमानाला प्रोसेसरने स्वतःला सांभाळायचं त्याची. तिथला आकडा शंभराच्या जवळचा होता. त्याने तो पासष्ट केला. जे तो बॉयलरला इतकी वर्षं करत आला होता, तेच. बनवणारे त्यांच्या ऑफिसात बसलेत. आणि समजा पासष्टलाही पोचलाच, तर वाजेल काहीतरी. कळेलच.

त्या रात्री तो गाढ झोपला. वाळूची बादलीसुद्धा त्याने बाहेर ठेवून दिली.

रविवारी दुपारी बायको वेणी घालून, नीट तोंड धुऊन गेमसमोर बसली, जणू कोणी बघायला येणार होतं. जपून मागे स्टुलावर. छपरं अशी गेली की तिने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. बाजार गेला. पूल आला, फळ्या कोसळायला लागल्या, दिवे पेटायला लागले, आणि मोठ्या फटीच्या जरा अलीकडे सगळं एकदम चिखलात रुतल्यासारखं झालं. तिने बटण दाबलं. बुटका पाण्यात गेला.

दुसऱ्यांदा फटीच्या नेमक्या तोंडावर रुतलं. तिसऱ्यांदा त्याही पुढे. एकदा ती आधी दाबायची, एकदा नंतर, एकदा दोनदा दाबायची. जुन्या दमण्यापेक्षा हे वाईट होतं. तिने किती वेळा खेळून पाहिलं याचा हिशेब दोघांनीही ठेवला नाही. शेवटी तिने कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि अंगठा दुसऱ्या मुठीत धरून बसली.

"यंत्र नीट केलंयस ना आता?"

तो हो म्हणाला.

"मग झालं," ती म्हणाली. "संध्याकाळी मालकीणबाईंकडे जाऊन येते."

ती आत साडी बदलायला गेली. तिने दार आपटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. तिने ते हळू लावलं.

जपूनने गॅलरीत जाऊन पंखेवाल्याला फोन लावला आणि कुजबुजत सगळं सांगितलं. मग पंखेवाल्याने विचारलं, "मी गेल्यावर तुम्ही कशाला हात लावलात?"

जपूनने सांगितलं. फार नाही, फक्त सेफ्टी जरा अलीकडे घेतली.

पंखेवाला हसला नाही, हे त्याचं मोठेपण. त्याने सांगितलं की दादा, प्रोसेसर स्वतःला सांभाळतो म्हणजे काय करतो, तर गुपचूप वेग कमी करतो. तुम्ही पासष्टला सांभाळायला सांगितलंत. छपरांवर तो साठच्या आत राहतो. पुलावर दिवे पेटले की भार वाढतो, पासष्ट गाठतो आणि तुमच्याच हुकमाने बसकण मारतो. थंड झाला की उठतो, पुन्हा बसतो.

"पण वाजलं काहीच नाही," जपून म्हणाला.

"वाजणार कसं? त्याला काय शिट्टी आहे का?"

फोन ठेवल्यावर तो गॅलरीचा कठडा धरून उभा राहिला. इतकी वर्षं तो असं धरून चालला होता की धोका आला की ओरडतो, आणि भ्यायला उशीर होत नाही. इथे कोणी ओरडलं नव्हतं. त्याच्या भीतीने जाऊन पुलावर ब्रेक दाबला होता, त्या मोठ्या फटीच्या तोंडावर, आणि तिने ते स्वतःच्या अंगठ्याच्या नावावर लिहून घेतलं होतं. संध्याकाळी ती जाऊन खुर्ची सोडून येणार होती.

तरीही, खरं सांगायचं तर, एक क्षण त्याला गप्प बसावंसं वाटलं. सांगितलं तर आकडा पुन्हा वर न्यावा लागणार. आकडा वर गेला तर यंत्र तापणार. आणि यंत्र तापून, धावून, कुठेही न रुतता बुटका पुन्हा पाण्यात गेला, तर? आत्ता निदान तिला वाईट वाटत होतं चुकीच्या कारणाने. बरोबर कारणाने वाईट वाटणं त्याला बघवलं नसतं. त्याने आत पाहिलं. ती आरशासमोर पदर खांद्यावर नीट करत होती, डाव्या हाताने, आणि उजवा हात बाजूला सोडलेला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा.

तो आत गेला आणि त्याने सांगून टाकलं. पासष्ट, बसकण, शिट्टी, सगळं.

ती आरशातच त्याच्याकडे बघत राहिली. मग अगदी थकल्या आवाजात म्हणाली, "नको ना रे. आता तरी नको. मला बरं वाटावं म्हणून आणखी किती खोटं बोलशील?"

आणि या जागी त्या भित्र्या माणसाला एक गोष्ट सुचली. या गेममध्ये कोणी बटण दाबलंच नाही, तर थोड्या वेळाने गेम स्वतःच स्वतःला खेळून दाखवायचा. त्यात पूलही यायचा. त्याने तिला हाताला धरून आणून बसवलं, कंट्रोलर टेबलावर तिच्यापासून लांब ठेवला आणि म्हणाला, "हात मांडीवर ठेव. फक्त ऐक."

दोघं हात मांडीवर ठेवून बसले. बुटका आपला आपण छपरांवरून पळाला. पूल आला. दिवे पेटले. गाणं जड झालं, फरपटलं, खरखरलं, बुटक्याचे पाय हवेत रेंगाळले. कोणीही कशालाही हात लावला नव्हता. तिने एकदा टेबलावरच्या कंट्रोलरकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या अंगठ्याकडे.

"हे तू केलंस," ती म्हणाली.

तो हो म्हणाला. मग तो निळ्या पडद्यावर गेला. आकडा एकेक करून वर न्यायचा होता, आणि त्याचं बोट प्रत्येक वेळी बटणावर थांबत होतं. सत्तर. पंच्याहत्तर. ऐंशीला त्याला घाम फुटला. मागून ती घाई करत नव्हती. नव्वदच्या पुढे त्याने डोळे मिटले आणि बनवणाऱ्यांचा आकडा जिथे होता तिथे परत नेऊन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने दुसऱ्याची हद्द होती तशी मान्य केली होती, आणि ते अजिबात चांगलं वाटत नव्हतं.

पुन्हा हात मांडीवर. पुन्हा बुटका. पडद्याच्या कोपऱ्यात पासष्ट झाले, सत्तर झाले, जपूनने स्टुलाची कड धरली, शहात्तर झाले. पुलावरचे सगळे दिवे पेटले आणि पाण्यातलेही, आणि गाणं एकदाही अडलं नाही. जळका वास येतोय असं त्याला वाटलं. तो त्याच्याच शर्टाला लॉन्ड्रीतून रोज येतो तोच होता.

बायकोने कंट्रोलर उचलला. "आता तू बाहेर जा," ती म्हणाली, आणि तो उठला तेव्हा, "नको, बस," असं म्हणाली.

बुटका पाण्यात गेला.

हीच ती भीती, तोंड दाखवून समोर बसली होती. दुसऱ्यांदाही गेला. तिसऱ्यांदाही. त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. चौथ्यांदा बुटका पडला तेव्हा तिच्या तोंडून 'हं' असा एक आवाज आला. हा आवाज त्याने बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. पार्लरमध्ये दुसऱ्या कोणी बिघडवलेली बट बोटांत धरून बघताना ती असाच आवाज काढायची.

"उशीर होतोय," ती म्हणाली. "दर वेळी तेवढाच उशीर."

त्याने स्टूल थोडं पुढे ओढलं.

"मघाशी कधी आधी, कधी नंतर, काही पत्ताच लागत नव्हता. मला वाटलं हात वेडा झाला. आता एकसारखी चुकतेय. केस सगळीकडे तेवढेच तिरके कापले गेले असतील ना, तर ते सरळ करता येतात. कुठेही कसेही कापले असतील तर टक्कल करावं लागतं."

पुढच्या खेपेला तिने बटण मनाला वाटतं त्याच्या किंचित आधी दाबलं. बुटका पलीकडच्या फळीवर गुडघ्यावर पडला, उठला, पळाला. त्यानंतर एकदा पुन्हा पाण्यात. मग दोनदा पार. मग पुन्हा पाण्यात. सलग तीनदा काही झालं नाही. अंगठा दमला तसा तिने तो दुसऱ्या हाताने चोळला आणि कंट्रोलर ठेवून दिला. बाहेर ऊन उतरत होतं आणि साडी नेसून ती तशीच बसली होती.

"सलग तीनदा म्हणालीस," तो घाबरत घाबरत म्हणाला.

"म्हणाले होते. तेव्हा मला वाटत होतं बुटका खोटं बोलत नाही." ती उठली आणि कपाटाशी गेली. डबा उघडल्याचा आवाज आला. "आज जात नाही मालकीणबाईंकडे. उद्या सकाळी जाऊन सांगायचं ते सांगेन. पण जायच्या आधी मला कळायला हवं. एक डोकं पाहिजे."

दोघांनीही क्षणभर घरात कोणाचं डोकं आहे याचा विचार केला. शेजारणीला बोलावलं असतं तर ती आली असती. जपूनने ती रेघ आठवली, त्या भल्या बाईच्या मानेवरची. मग त्याने स्टूल उजेडात ओढलं, टॉवेल स्वतःच मानेभोवती गुंडाळला आणि बसला.

"तुला भीती वाटेल," ती म्हणाली.

"वाटणारच," तो म्हणाला. "पण ती शेजारणीची नको, माझी असू दे. मला सवय आहे."

तिने कंगव्याने त्याच्या कानामागचे केस वर घेतले. कात्रीचं गार पातं कातडीला टेकलं. त्याने श्वास धरला, डोळे घट्ट मिटले, आणि अंगठा झोपला तर काय, हा एकच विचार डोक्यात घुमत राहिला. कात्री एकदा वाजली. मग थांबली. बराच वेळ थांबली. त्याला वाटलं, झालं.

"हलू नकोस," ती म्हणाली.

"मी कुठे हलतोय? तुझा हात हलतोय का?"

"हात नाही हलत," ती म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं का रडू, ते डोळे मिटून त्याला कळलं नाही. "डोकं हलतंय तुझं."